डोळा घोट्याला, चित्र छातीवर: खेकड्याच्या नजरेने रेखाटन करायचं साधन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहात, घर मालवणजवळ खाडीकाठी. प्राण्यांच्या नजरेवरून सुचलेलं, अंगावर घालून चित्र काढता येईल असं साधन तुम्हाला प्रकल्पासाठी करायचंय. मनात आहे ते असं: माशीसारखी षटकोनी भिंगं लावलेलं हेल्मेट, वर दांड्यांवर दोन कॅमेरे, डोळ्यांसमोर छोटा स्क्रीन आणि रंगांसाठी मँटिस श्रिम्प या कोळंबीसारख्या समुद्री प्राण्याचे 'बारा रंग'. बजेट पाच हजार. कुठला प्राणी घ्यावा आणि सुरुवात कुठून करावी, हे तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. प्राणी तुमच्या खाडीतलाच घ्या: नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी असते तो छोटा फिडलर खेकडा. हेल्मेट सोडून द्या. कॅमेरा एकच आणि तोही घोट्याला. चित्र उमटेल ते गळ्यात अडकवलेल्या बोर्डवर. डोकं पूर्ण मोकळं. हे पाच हजारांत बसतं, वर पैसे उरतात.

षटकोनी भिंगांबद्दल आधी बोलू, कारण दर वर्षी कुणीतरी ती घेऊन येतंच. माशीला एकाच वस्तूच्या हजार प्रतिमा दिसतात हा गैरसमज आहे. अनेक बारीक डोळ्यांनी बनलेल्या संयुक्त डोळ्यातलं प्रत्येक नेत्रक, म्हणजे त्यातला एकेक बारीक डोळा, समोरच्या दृश्याचा एकेक ठिपका टिपतं आणि सगळे ठिपके मिळून एकच चित्र होतं, तेही बरंच जाडंभरडं. मधमाशीला साधारण एक अंशापेक्षा बारीक तपशील वेगळा काढता येत नाही. चांगल्या नजरेच्या माणसाला एका अंशाचा साठावा भाग दिसतो. बाजारात मिळणारी पैलू पाडलेली प्लास्टिकची भिंगं मात्र प्रत्येक पैलूत अख्खं दृश्य दाखवतात. म्हणजे ते व्हायझर माशीच्या डोळ्यासारखं दिसेल, पण त्यातून माशीसारखं दिसणार नाही. परीक्षकांत एक जरी जीवशास्त्राचा माणूस बसला असेल, तर पहिला प्रश्न तिथेच येईल.

मँटिस श्रिम्पचंही तेच. त्याच्या डोळ्यात रंगांसाठी बारा प्रकारच्या ग्राहक पेशी असतात हे खरं, आपल्याकडे तीन. पण २०१४ मध्ये संशोधक हॅने थोएन, जस्टिन मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्राण्याला जवळजवळच्या छटा ओळखायला लावल्या, तेव्हा तो माणसाच्या मागे पडला. बारा पेशींचा उपयोग छटांची बारीक तुलना करण्यापेक्षा रंग झटपट ओळखण्यासाठी होत असावा, असं त्यातून पुढे आलं. 'बारा रंगांचं साधन' असं पाटीवर लिहिलंत, तर ती पाटी चुकीची ठरेल.

माझ्या मते प्राण्याच्या डोळ्याकडून घ्यायची गोष्ट म्हणजे तो काय टाकून देतो, ही. रेखाटन करतानाही आपण तेच करतो. समोर असलेल्या शंभर गोष्टींतल्या पंचाण्णव सोडतो, तेव्हा कुठे कागदावर काही उरतं. कुठल्या पंचाण्णव सोडायच्या हे शिकायला वर्षं जातात. खेकड्याचं ते जन्मतः ठरलेलं असतं, आणि त्याचा नियम इतका साधा आहे की तो चिकटपट्टीने साधनात बसवता येतो.

भर ओहोटीला तिवरांच्या कडेला जाऊन हालचाल न करता बसा. तुम्ही आलात तेव्हा सगळे बिळात गेलेले असतात. थोड्या वेळाने एकेक बाहेर येतो. आधी वर येतात ते डोळे, दोन लांब दांड्यांवर, जवळजवळ, सरळ उभे. खेकडा चिखलाच्या उतारावर तिरका झाला तरी या दांड्या उभ्याच राहतात. डोळ्यांची उंची चिखलापासून दोन-तीन सेंटीमीटर. आता भूमिती बघा. सपाट जमिनीवर बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवरून क्षितिज जातं, आणि ते प्रत्येक वस्तूला बरोबर त्याच उंचीवर कापतं, वस्तू जवळ असो की लांब. म्हणजे खेकड्याच्या दृष्टीने जे क्षितिजाच्या वर डोकं काढतं ते त्याच्यापेक्षा उंच: बगळा, कुत्रा, तुम्ही. जे क्षितिजाच्या खालीच राहतं ते त्याच्याएवढं किंवा लहान: दुसरा खेकडा, भांडायला आलेला किंवा जोडीदार. अंतर मोजायची गरज नाही, आकार ओळखायची गरज नाही. एक रेघ, वर धोका, खाली आपली माणसं.

ही नुसती कल्पना नाही. जॉन लेन, मायकेल लँड आणि योखेन त्साइल या संशोधकांनी १९९० च्या दशकात हे प्रयोगाने दाखवलं: तीच वस्तू क्षितिजाच्या वर दाखवली की खेकडा पळतो, खाली दाखवली की बहुतेक वेळा पळत नाही. त्याच्या डोळ्याची रचनाही याला धरूनच आहे. क्षितिजाच्या पातळीवर एक अरुंद आडवा पट्टा आहे, तिथे उभ्या दिशेतलं बारकाईचं दिसणं सगळ्यात तीक्ष्ण; वर आणि खाली जाऊ तसं ते बोथट होत जातं. आडव्या दिशेत मात्र तो चहूबाजूंनी बघतो.

आणि हाच नियम तुम्ही पहिल्या वर्षी पर्स्पेक्टिव्हच्या तासाला शिकलात. देवबागच्या किनाऱ्यावर उभं राहून बघितलं तर तुमच्याच उंचीची सगळी माणसं, जवळची आणि लांबची, डोक्यांनी क्षितिजाला टेकलेली दिसतात. चित्रकार त्या रेघेवरून माणसांची मापं ठरवतो, खेकडा जीव वाचवतो. तुमच्या प्रकल्पाचा गाभा इथेच आहे असं मला वाटतं. त्यामुळे बाकीच्या कल्पना गुंडाळून ठेवल्यात तरी चालेल.

आता डोळा खाली न्यायचा. डोक्यावर कॅमेरा लावून खेकड्याची नजर मिळत नाही, कारण मग क्षितिज तुमच्या डोळ्याच्या उंचीवर राहतं आणि खाडीतलं जवळजवळ सगळं त्याच्या खाली जातं. कॅमेरा घोट्याला बांधलात, तुम्ही काठावर स्टूल टाकून बसलात, की डोळा जमिनीपासून आठ-दहा सेंटीमीटरवर येतो. त्या उंचीवरून तिवराची श्वसनमुळं बघा. एरवी ती पायाखाली टोचणारी खुंटं असतात. घोट्याच्या कॅमेऱ्यातून त्यांतली काही क्षितिजाच्या खाली थांबतात, काही ते छेदून आभाळात घुसतात, आणि मधून एखादा बगळा गेला की फक्त त्याचे पाय दिसतात, बाकीचा बगळा चौकटीबाहेर.

कॅमेरा म्हणून मोबाइलला जोडायचा वायरचा एंडोस्कोप घ्या, गाडीच्या मेकॅनिककडे असतो तो. बोटापेक्षा बारीक, पुढचं टोक पाण्याला दाद न देणारं, किंमत साधारण हजाराच्या आतबाहेर. अँड्रॉइड फोनच्या चार्जिंगच्या खाचेत ओटीजी जोडणीने थेट चालतो. स्वस्तातल्या मॉडेलचा फोकस जवळचा असतो, लांबचं पुसट दिसतं. त्याची काळजी करू नका, खेकड्यालाही लांबचं स्पष्ट दिसत नाही. लांबचा माड तुमच्या चित्रात नुसता उभा डाग म्हणून आला, तर ते बरोबरच आहे.

कॅमेरा सरळ ठेवणं मात्र गरजेचं. पाय जरा कलला की क्षितिज कलतं आणि सगळा नियमच मोडतो. बकरीची युक्ती इथे आठवते: चरताना तिचं डोकं खाली जातं, पण डोळे खोबणीत पन्नास अंशांपर्यंत फिरतात आणि आडवी बाहुली जमिनीला समांतरच राहते. तुम्हाला इतकं नाजूक काही करायला नको. घोट्याच्या पट्ट्यावर छोटी चौकट बसवा, तिच्यात कॅमेरा गवंड्याच्या ओळंब्यासारखा टांगा, खाली एखादा नट वजनाला. वाऱ्याने झुलत असेल तर नटाला फडक्याची शेपटी लावा, ती चौकटीच्या तळाशी घासू द्या. घरी पाणसळ लावून एकदा तपासलंत की झालं. चौकट पांगाऱ्याच्या लाकडाची करा. हलकं असतं, सुरीने कापलं जातं, सावंतवाडीची खेळणी करणाऱ्यांनाही ते वर्षानुवर्षं पुरलंय.

आता स्क्रीन डोळ्यांसमोर का नको, ते सांगते. आपलं डोकं हललं की साधारण दहा मिलिसेकंदांत डोळे उलट्या बाजूला फिरून दृश्य स्थिर धरतात. साध्या कॅमेऱ्याची एक फ्रेमच तेहेतीस मिलिसेकंदांची, पुढे प्रक्रिया आणि स्क्रीन यांचा उशीर वेगळा. डोकं आणि चित्र यांचा मेळ बसत नाही आणि थोड्याच वेळात मळमळायला लागतं. अंगणातली कोंबडी हा प्रश्न मान झटकून सोडवते: धड पुढे जात असतं, पण डोकं हवेत एका जागी थांबतं, मग एकदम पुढे येतं, पुन्हा थांबतं. बॅरी फ्रॉस्ट यांनी १९७८ मध्ये कबुतरांना ट्रेडमिलवर चालवून बघितलं. आजूबाजूचं दृश्य सरकत नव्हतं, तेव्हा त्यांनी मान हलवलीच नाही. म्हणजे ही सगळी खटपट डोळ्यापुढचं चित्र थांबवून धरायची. बसलेल्या माणसाचा घोटा आपणहूनच थांबलेला असतो. तिथला कॅमेरा कितीही उशिराने चित्र पाठवू दे, तुमच्या डोक्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरी अडचण जुनी आहे. विल्यम हाइड वोलस्टन यांनी १८०६ मध्ये कॅमेरा ल्युसिडा या दृश्य बघून गिरवायच्या साधनाचं पेटंट घेतलं. चौकोनी काचेचा लोलक, त्याच्या कडेतून अर्ध्या बाहुलीला समोरचं दृश्य दिसतं आणि अर्धीला कागद. दृश्य लांब, कागद हातभरावर, म्हणून दोन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. शिवाय डोळा केसभर सरकला की प्रतिमा सरकते. हेन्री फॉक्स टॅल्बट १८३३ मध्ये इटलीत कोमो सरोवरापाशी हे यंत्र घेऊन बसले होते. चित्र काही जमेना, तेव्हा प्रतिमा कागदावर आपोआप उमटवता येईल का या विचाराला ते लागले आणि त्यातून त्यांची छायाचित्रणाची पद्धत आली. डोक्यावर अर्धपारदर्शक आरसा बांधणाऱ्या प्रत्येकाला याच दोन अडचणी येतात. भिंग लावून फोकसची कमी होते, प्रतिमा सरकण्याची मात्र डोकं आवळून धरल्याशिवाय जात नाही.

म्हणून बोर्ड. गळ्यात आणि पाठीवर पट्ट्याने अडकवलेला, पोटाशी टेकलेला आडवा बोर्ड, साधारण दोन वहीच्या पानांएवढा. मधोमध एक पारदर्शक पत्रा काटकोनात उभा. डाव्या बाजूला फोन आडवा ठेवायचा, उजव्या बाजूला कागद. डाव्या बाजूने पत्र्यातून बघितलं की फोनवरच्या चित्राचं प्रतिबिंब नेमकं कागदावर पडल्यासारखं दिसतं. कारण आरशातली प्रतिमा आरशाच्या मागे तितक्याच अंतरावर असते, आणि फोन व कागद एकाच पातळीत आहेत. त्यामुळे फोकसचा प्रश्नच उरत नाही, आणि डोकं कुठेही हलवा, प्रतिमा कागदावरून हलत नाही. चित्र उजवं-डावं उलटं पडतं, ते कॅमेऱ्याच्या ॲपमध्येच पलटवून घ्या. फोनची जाडी कागदाखाली तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा घालून भरून काढा, नाहीतर कडेच्या रेघा चुकतील.

पत्र्याबद्दल जरा बारीक सांगते, कारण काम इथेच बिघडतं. दोन मिलिमीटरचं ॲक्रिलिक घेतलंत तर पुढचा पृष्ठभाग एक प्रतिमा देतो, मागचा दुसरी, आणि पंचेचाळीस अंशांतून बघताना दोन्हींत जवळजवळ दीड मिलिमीटरचं अंतर पडतं. प्रत्येक मुळाला एक भूत. एक मिलिमीटरचा पत्रा निम्मा त्रास देतो. सगळ्यात बरं म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातली ओएचपी शीट (पातळ पारदर्शक प्लास्टिक) लाकडी चौकटीवर ताणून, कडा डिंकाने नव्हे तर दुहेरी टेपने पक्क्या करून. सुरकुती राहिली तर प्रतिमा वाकडी येते, म्हणून ताणताना दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा.

अशा साध्या पत्र्यातून जेमतेम दहावा हिस्सा प्रकाश परत येतो. उन्हात पांढऱ्या कागदावर तो दिसणारच नाही. यावर दोन गोष्टी करायच्या. कागद काळा घ्या आणि पांढऱ्या पेन्सिलीने काढा. काळ्यावर अंधूक प्रतिमाही उठून दिसते. आणि वर सावली पाहिजे. त्यासाठी इरल्याइतकं सोयीचं मी काही पाहिलेलं नाही. लावणीच्या वेळी वाकून दोन्ही हात मोकळे ठेवून काम करता यावं म्हणूनच ते झालंय, भार डोकं आणि पाठ वाटून घेतात, आणि पुढे झुकलं की छातीपुढे आपोआप काळोख होतो. कुणाच्या माळ्यावर जुनं असेल तर मागून आणा आणि आतून काळं फडकं लावा. परीक्षेत ते दिसायलाही हेल्मेटपेक्षा चांगलं दिसेल, हे माझं खाजगी मत. इरलं आणि बोर्ड घालून मी आचऱ्याच्या खाडीत उतरत होते, तेव्हा कालवं काढणारी एक मावशी म्हणाली होती, "ह्या घालून चिखलात उतारलंस, तर उचलूक कोण येतलो?" तिचं बरोबर होतं. हे साधन घालून चालायचं नाही. बसायचं, मग घालायचं. भरतीची वेळ आधी बघून ठेवा आणि सोबत कुणीतरी असू द्या.

अजून एक गंमत, जी पुस्तकापेक्षा हाताने लवकर कळते. पत्र्यावरून तिरका परावर्तित होणारा प्रकाश बराचसा ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत हलतात, आणि फोनच्या स्क्रीनचा प्रकाशही सहसा ध्रुवितच असतो. दोघांची दिशा जुळली तर प्रतिमा उजळ, आडवी गेली तर मंद. म्हणून फोन बोर्डवरच उभा फिरवून बघा, आडवा फिरवून बघा, जो चांगला दिसेल तो ठेवा. पोलराइज्ड गॉगल घालून बसलात तर प्रतिमा जवळजवळ गायबही होऊ शकते. फिडलर खेकड्यांना प्रकाशाचं हे ध्रुवण दिसतं, आपल्याला दिसत नाही. ओल्या चिखलाची चकाकी आडवी ध्रुवित असते, तेव्हा कॅमेऱ्यापुढे पोलरायझरचा छोटा तुकडा फिरवून लावलात तर चकाकी विझते आणि चिखलावरच्या हालचाली सुट्या दिसतात. प्रकल्पात दुसरा प्राणीगुण घालायचाच असेल तर हा घाला. एवढा पुरे.

खेकड्याचा पट्टा कसा आणायचा, हे राहिलं. फोनच्या स्क्रीनवर काळी चिकटपट्टी लावा, मधे क्षितिजावर दीड सेंटीमीटरची आडवी फट ठेवा. बस. फटीतलं काढायचं, बाकी नाही. पाय थोडा फिरवा, कागद सरकवा, पुढचा तुकडा काढा. लांब पट्टीवर चहूबाजूंचं क्षितिज गोळा होईल. प्रोग्रॅमिंग येणारा मित्र असेल तर एक पुढची पायरी करता येईल. नालखुरी खेकड्याच्या (हॉर्सशू क्रॅबच्या) डोळ्यात प्रत्येक नेत्रक शेजारच्याला थोडं दाबतं, त्यामुळे उजेड-अंधाराच्या सीमा ठळक होतात. संशोधक केफर हार्टलाइन यांना या कामासाठी १९६७ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. संगणकात तेच करायला चित्र थोडं पुसट करा, मग जास्त पुसट करा, एकातून दुसरं वजा करा. उरतात त्या कडा. पण हा खेकडा आपल्या किनाऱ्यावर नाही, भारतात तो ओडिशा-बंगालकडे मिळतो, आणि कडा कुठल्या काढायच्या ते तुम्हीच ठरवलंत तर चित्र जास्त तुमचं होईल. मी असते तर ही पायरी गाळली असती.

खारी हवा सगळ्याचं वाटोळं करते, एवढं लक्षात ठेवून सामान घ्या. स्क्रू पितळेचे किंवा नायलॉनचे, लोखंडी नकोत. एंडोस्कोपचं टोक पाण्याचं चालतं, पण त्याचा प्लग नाही. परत आल्यावर टोक गोड्या पाण्याने धुवा, प्लग कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात सगळं सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर भिंगावर बुरशी येते. इरल्याखाली फोन तापला की स्क्रीन आपोआप मंद होतो, म्हणून मधे मधे बाहेर काढून वाऱ्यावर धरा. आणि दुपारनंतर समुद्राकडे तोंड करून बसू नका, सूर्य थेट घोट्यात शिरतो.

सुरुवात बोर्डपासून करा, कॅमेऱ्यापासून नको. घरात, फोनवर एखादा साधा फोटो ठेवून, काळ्या कागदावर तो गिरवून बघा. तो नीट जमला की मग एंडोस्कोप विकत घ्या. डावखुऱ्या असाल तर फोन उजवीकडे, कागद डावीकडे, बाकी सगळं तसंच.